आत येताना तीन झडत्या, बाहेर जाताना एक दार

दिल्लीत कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाला जा. आधी मेटल डिटेक्टरची चौकट, मग हाताने झडती, मग तिकिटावरच्या कोडची तपासणी. खिशातली नाणी काढून घेतात, लायटर काढून घेतात, पॉवर बँक आणि अत्तराची बाटली बाहेर ठेवायला लावतात. हे सगळं पार करून तुम्ही आत पोचता आणि पुढचे चार तास एक गोष्ट तुम्हाला कुणीही सांगत नाही. काही गडबड झालीच, तर बाहेर कुठून पडायचं?

माझं काम त्या न सांगितलेल्या गोष्टीचं आहे. मी मूळची वाईची, बरीच वर्षं नोएडात राहते. लग्नं, कंपन्यांचे सोहळे, गाण्यांचे कार्यक्रम अशा ठिकाणी मांडव उभा राहण्याआधी नकाशा तपासायचा आणि उभा राहिल्यावर मैदान पायाखाली घालायचं, हा माझा धंदा. कार्डावर 'सेफ्टी' असं काहीतरी छापलंय, पण टेंटवाले मला 'वो गेटवाली मॅडम' म्हणूनच ओळखतात. गेटं किती आणि किती रुंद, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं. "मॅडमजी, कुछ नहीं होगा."

आत येणाऱ्याकडे संशयाने पाहायचा दिल्लीचा स्वभाव मला समजतो. १९८५चे ट्रान्झिस्टर बॉम्ब, २००५च्या दिवाळीच्या तोंडावर पहाडगंज आणि सरोजिनीनगरमध्ये झालेले स्फोट या शहराने पाहिलेत. झडती हवीच. पण या भागातल्या कार्यक्रमांत आणि गर्दीत गेलेल्या माणसांची प्रकरणं मी जेव्हा जेव्हा वाचायला घेते, तेव्हा बहुतेक ठिकाणी घातपात सापडत नाही. सापडतं बंद दार, अरुंद जिना, पेटणारं कापड नाहीतर कुणाच्या तरी सोयीसाठी अडवलेली वाट.

ग्रीन पार्कातलं उपहार सिनेमागृह सगळ्यांना आठवतं. १३ जून १९९७, 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला आणि ५९ माणसं गेली. आगीत कुणी भाजून मेलं नाही, माणसं गुदमरली ती बाल्कनीत. त्या बाल्कनीत उजव्या हाताची ये-जा करायची वाट जादा खुर्च्या टाकून बुजवली होती आणि त्याच बाजूचं बाहेर पडायचं दार एका खासगी बॉक्समागे गेलं होतं. आठ माणसांच्या ऐसपैस बसण्यासाठी एक दार! प्रेक्षकांना सावध करणारी घोषणाही झाली नाही. माझ्याकडे नवी मुलं शिकायला येतात, त्यांना मी आधी अग्निशामक नळकांडं दाखवत नाही. उपहारच्या बाल्कनीचा नकाशा दाखवते.

मेरठचं प्रकरण मात्र महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नसतं. मेरठ राजधानी परिसरातच येतं. तिथल्या व्हिक्टोरिया पार्कात एप्रिल २००६ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तीन मोठे वातानुकूलित तंबू, आत टीव्ही-फ्रिजचे स्टॉल, सुट्टीला आलेली कुटुंबं. १० एप्रिलला, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, आग लागली आणि ६५ माणसं मेली, दीडशेहून जास्त भाजली. पुढे आयोजकांनी कोर्टात बाजू मांडली, की मांडव आणि वीज आम्ही ठेकेदाराला दिली होती, चूक त्याची. सर्वोच्च न्यायालयाने हे ऐकून घेतलं नाही. सोळा वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, भरपाईची ६० टक्के जबाबदारी आयोजकांवर आणि ४० टक्के राज्य सरकारवर टाकली गेली. लोकांना बोलावलं तुम्ही, तर त्यांचा जीवही तुमच्याच ताब्यात, असा त्याचा साधा अर्थ. निकालाला उशीर फार झाला, पण माझ्या धंद्याला त्याने पाय दिले. आता ग्राहक कुरकुरला, की मी मेरठ एवढंच म्हणते. त्याच्या वकिलाला माहीत असतं.

मांडवासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. त्यात अवघड काही नाही. मांडवाची उंची तीन मीटरपेक्षा कमी नको, कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर नकोत, विजेच्या जिवंत तारांखाली उभारू नका. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कृत्रिम कापडाचा मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुसंख्य लहान मुलं. तरीही आजच्या सजावटीत झुळझुळीत पॉलिस्टर, प्लास्टिकची फुलं आणि थर्मोकोलच असतं. सुती कनात जड, महाग आणि फोटोत 'डल' दिसते, असं डेकोरेटर सांगतात. कापडावर ज्वालारोधक द्रावण मारल्याचं प्रमाणपत्र मिळतं. मी प्रमाणपत्र ठेवून घेते आणि कापडाचा एक तुकडा मागून मोकळ्यावर काडी लावून पाहते. ठिबकत, वितळत जळायला लागला, तर ते प्रमाणपत्र कुठल्या कापडाचं आहे ते देवालाच ठाऊक.

आता गर्दीकडे येते, कारण आगीपेक्षा तिची समज आपल्याकडे कमी आहे. 'लोक बेभान झाले, सैरावैरा धावले' असं बातमीत वाचते तेव्हा मला राग येतो. चौरस मीटरला चार माणसं असली की खेटाखेटी सुरू होते. पाच-सहा झाली की आपल्या पायांवर आपला ताबा राहत नाही. सात झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते, एका टोकाला दिलेला धक्का दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथे धावायला जागाच नसते. माणूस उभ्या उभ्या मरतो, कारण छाती फुगवायला चार बोटं मोकळी मिळत नाहीत. मागच्याला पुढचं दिसत नाही, तो थोडंसंच ढकलतो आणि तसं थोडंथोडं ढकलणारे हजार असतात. म्हणून गर्दीला शिस्त शिकवण्यात अर्थ नाही. ती तेवढी दाट होऊच नये, एवढंच आपल्या हातात असतं आणि ते कागदावर, आदल्या महिन्यात ठरतं.

हिशेब शाळकरी आहे. इंग्लंडमध्ये स्टेडियमसाठी जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यात सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरतात, जिन्यावरून ६६. म्हणजे दहा हजार माणसांना तीन मीटरच्या एकाच गेटातून बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागतील. आठ मिनिटांत काढायची असतील, तर सगळी गेटं मिळून पंधरा मीटरहून जास्त रुंदी हवी. आत यायचा हिशेब वेगळा. एका झडतीला सहाच सेकंद धरले तरी एका रांगेतून मिनिटाला दहा माणसं. दहा हजारांतले निम्मे शेवटच्या चाळीस मिनिटांत येतात (दिल्लीकर वेळेवर येण्याला कमीपणा मानतात), तर त्यांच्यासाठीच तेरा रांगा लागतात. प्रत्यक्षात सहा असतात. मग गेटाबाहेर गर्दी तुंबते. आत मैदान अर्धं रिकामं आणि बाहेर रस्त्यावर जीव गुदमरतोय, असा प्रकार. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमपाशी ११ जण गेले, तेही बहुतांशी गेटांपाशीच.

त्याच वर्षी १५ फेब्रुवारीच्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर कुंभाला निघालेली १८ माणसं गेली, बहुतेक बाया आणि मुलं. पोलिसांनी सांगितलं, की प्रयागराज नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणांमुळे गोंधळ उडाला. रेल्वेमंत्र्यांनी पुढे संसदेत सांगितलं, की जिन्यावर एकाच्या डोक्यावरचं मोठं ओझं पडलं आणि माणसं एकमेकांवर कोसळली. माझ्या मते दोन्हींत विरोध नाही. पूल आणि जिना आधीच काठोकाठ भरले असतील, तर घोषणा काय आणि बोचकं काय, काहीतरी निमित्त होणारच. नंतर स्टेशनबाहेर अजमेरी गेटच्या बाजूला प्रवाशांना थांबवून धरायची कायमची जागा केली गेली. गाडी लागेपर्यंत फलाटावर सोडायचंच नाही. उशिरा सुचलेलं, पण नेमकं सुचलेलं.

स्टेशनवरच्या त्या रात्रीनंतर सहाच दिवसांनी दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. १९५४ नंतर राजधानीत पहिल्यांदाच. अध्यक्ष तारा भवाळकर. उद्घाटन विज्ञान भवनात पंतप्रधानांच्या हस्ते, बाकी कार्यक्रम तालकटोरा स्टेडियमवर. माझी मावशी पुण्याहून आली होती. स्टेशनवरची दृश्यं टीव्हीवर पाहून तिने येऊ की नको असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, "मावशी, तू ये, मी आहे." तालकटोऱ्यात मला हायसं वाटलं, ते कायमस्वरूपी बांधकामामुळे. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांतलं मुष्टियुद्ध तिथेच झालं. अशा इमारतीत दारं आणि जिने कुणीतरी हिशेबाने आधीच बांधलेले असतात, मोकळ्या मैदानावर ते दर वेळी नव्याने भांडून मिळवावे लागतात. मी मावशीला वाटेच्या कडेची खुर्ची दिली, डावीकडची दोन दारं दाखवली. ती म्हणाली, "अगं, भाषण ऐकायला आलीस की दारं मोजायला?" तिने मांढरदेवी पाहिलेली आहे. जानेवारी २००५ मध्ये काळूबाईच्या जत्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर आणि अरुंद वाटेवर जवळजवळ तीनशे माणसं गेली, तेव्हा वाईच्या दवाखान्यांबाहेर ती डबे घेऊन उभी होती. तरी दारं मोजण्याचं तिला हसू येतं. माणूस असाच आहे, मी तरी काय बोलणार?

दिल्लीत काही गोष्टी चांगल्याही होतात. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅनॉट प्लेसला गाड्या सोडत नाहीत आणि नऊनंतर राजीव चौक मेट्रो स्टेशनातून बाहेर पडू देत नाहीत. लोक शिव्या घालतात. पण गर्दी चौकात जमल्यावर लाठी आपटण्यापेक्षा तिला दोन स्टेशनं अलीकडेच अडवणं शंभर पटींनी शहाणपणाचं. सोलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला नेमकं हेच झालं नाही. अवघ्या ३.२ मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत १५९ जण गेले. धोका आहे असं सांगणारा पहिला फोन पोलिसांकडे जवळजवळ चार तास आधी गेला होता.

या धंद्यातलं नवं काय, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना ड्रोन आणि एआय ऐकायचं असतं. आहे तेही. खांबावरचा कॅमेरा आता डोकी मोजतो, कुठल्या कोपऱ्यात दाटी होतेय ते नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर रंगाने दिसतं. मनगटावरच्या चिपच्या पट्ट्यांमुळे आत किती आले ते त्या क्षणी कळतं. मला ही साधनं आवडतात, भरवसा मात्र ठेवत नाही. २०२५च्या प्रयागराज कुंभात असे कॅमेरे होते, तरी मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगरून सरकारी आकड्यानुसार ३० जण गेले. पडदा लाल झाला, आता पुढे काय? कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाला? अमेरिकेत ह्यूस्टनला नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या ॲस्ट्रोवर्ल्ड कार्यक्रमात दहा जण गेले. माणसं कोसळताहेत हे कळल्यावरही गाणं अर्धा तासाहून जास्त चालू राहिलं. तोच गायक ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दोन रात्री गाऊन गेला. आता मोठ्या कार्यक्रमांच्या करारात 'शो-स्टॉप'चं कलम येऊ लागलंय. कुणाच्या एका शब्दावर आवाज बंद होईल, दिवे लागतील आणि गायक काय बोलेल, हे आधी लिहून ठेवायचं. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा हीच आणि तिला वीज लागत नाही.

लग्नांचं सांगायचं तर वेगळा लेख होईल. छतरपूरची फार्महाउसं, जीटी करनाल रोडवरचे बँक्वेट हॉल, देवउठनी एकादशीनंतर एकेका रात्री उडणारे असंख्य बार. रस्ते इतके तुंबतात, की अग्निशमनाची गाडी वेळेत पोचेल हे मी गृहीतच धरत नाही. त्यात थंडीत हवा बिघडली, की 'ग्रॅप'चे, म्हणजे प्रदूषणाच्या टप्प्यांनुसारचे निर्बंध लागू होतात आणि डिझेल जनरेटरवर टाच येते. मग कुणीतरी तात्पुरत्या मीटरवर हीटर, दिवे, साउंड, एलईडी पडदा असं सगळं एकदम चढवतो आणि केबल गालिच्याखाली गरम होत राहते. मी केबलवर हात ठेवत फिरते, लोकांना वाटतं बाईचं काहीतरी हरवलंय. फुग्यांचंही तसंच. हेलियम महाग म्हणून हायड्रोजन भरतात आणि नवरानवरीच्या हातात दिलेल्या त्या घोसाजवळ फोटोवाल्याची फुलबाजी पेटते. नवरीच्या प्रवेशाला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडतात, त्यांना 'कोल्ड पायरो' म्हणतात. नावावर जाऊ नका, धातूची जळती पूड आहे ती. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये आग लागून २५ जण गेले. बंद छपराखाली फटाके नको, हे त्यानंतर निदान महिनाभर तरी ग्राहकांना पटवून द्यावं लागलं नाही.

आणि हर्ष फायरिंग. महाराष्ट्रातल्या वाचकाला खोटं वाटेल, पण उत्तरेकडे वरातीत आनंदाने बंदूक उडवतात आणि दर हंगामात कुणी ना कुणी मरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एका लग्नात मी मुलीच्या मामांना विचारलं, "मामाजी, परवाना असला तरी पिस्तूल गाडीत ठेवाल का?" ते म्हणाले, "बेटा, मी उडवणार नाही, फक्त कमरेला शोभेला हवं." शेवटी बारवाल्याला सांगितलं, की कमरेला शोभा असलेल्यांना दारू नाही. तासाभरात शोभा गाडीत गेली.

व्हीआयपी हा आणखी एक दिल्लीचा प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये कालकाजी मंदिरात जागरणाच्या रात्री मंचाजवळ आयोजकांच्या कुटुंबीयांसाठी आणि व्हीआयपींसाठी लाकूड-लोखंडाचा उंच माळा केला होता. गायक आला, लोक माळ्यावर चढले, माळा खचला. एक बाई गेली, १७ जण जखमी झाले. कार्यक्रमाला परवानगीच नव्हती, असं पोलिसांनी सांगितलं. असे माळे मला जवळजवळ प्रत्येक नकाशात दिसतात आणि ते नेहमी दारापाशी असतात, कारण व्हीआयपीला लवकर निघायचं असतं. सर्वसामान्यांसाठीचं दार मग मागे, शौचालयांच्या पलीकडे, जनरेटर आणि आचाऱ्याच्या सिलिंडरांच्या मधून. फुकटे घुसतात म्हणून त्या दाराला साखळी लावून किल्ली कुण्या बाउन्सरच्या खिशात आणि तो जेवायला गेलेला. माझ्या नोकरीतला सगळ्यात जास्त वेळ या किल्लीवाल्याला शोधण्यात जातो. आता मी कुलूपच मान्य करत नाही. साखळीऐवजी तिथे माणूस उभा करा, त्याची रोजी मी मंजूर करून घेते.

वाचकाने काय करावं? मांडवात शिरलात की ज्या दाराने आलात ते सोडून दुसरं दार शोधा, कारण संकटात सगळे आलेल्या दाराकडेच वळतात. लहान मुलांना घेऊन मंचासमोरच्या कठड्याला चिकटू नका. दाटीत सापडलात तर हात छातीसमोर घ्या, प्रवाहाविरुद्ध जाऊ नका, तिरके तिरके कडेला सरका, मोबाइल पडला तर पडू द्या. सोसायटीच्या गणपतीच्या बैठकीला जात असाल, तर आरतीच्या वेळी मागची बाजू मोकळी राहते का, एवढा एक विषय मांडा. तुम्हाला हसतील.

पैशांची अडचण मी ऐकत नाही. गुरुग्राममधल्या एका लग्नात फुलांच्या भिंतीवर जो खर्च होता, त्याच्या लहानशा तुकड्यात सहा मार्शल, बॅटरीवरचे दिवे आणि चार जादा फलक येत होते. वडिलांची तक्रार मात्र खर्चाची नव्हतीच. त्यांना हिरव्या रंगाचा 'निकास' फलक खुपत होता. नेमका फेऱ्यांच्या मंडपामागे, सगळ्या फोटोंत येणार. डेकोरेटरने त्यावर जरीचा पडदा टाकायचं सुचवलं. मी नाही म्हटलं, ते चढ्या आवाजात बोलले, मीही बोलले. शेवटी हातावरची मेंदी वाळवत बसलेली मुलगी वैतागून म्हणाली, "पापा, रहने दो ना. फोटोवाले भैया एडिट में हटा देंगे." आणि फलक राहिला.